मोहाडीच्या बांध्या आणि लांबट चौकट

मोहाडी तालुका वैनगंगेच्या खोऱ्यातला, बहुतेक सपाट. धानाच्या बांध्या, धुरे, मध्येच एखादं मोहाचं झाड. साध्या चौकटीत या मुलखाचा निम्मा फोटो रिकामं आभाळच घेतं. पॅनोरमा ते आभाळ आणि पायाशी आलेली माती छाटून टाकतो, म्हणून इथे तो शोभतो.

१२० फिल्मवरचा ६×१७ कॅमेरा साधारण ५६×१६८ मिलिमीटरची निगेटिव्ह देतो. एका रोलवर चारच फ्रेम. कॅमेरा महागडा आहे. पण ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमधली १२×३६ ची पट्टी छापली तरी प्रमाण तेच, एकास तीन. दाणे ठळक होतात, पण शिकायला एवढं पुरेसं आहे.

ही पट्टी डोळा एका दमात घेत नाही, एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. त्याला वाटेत थांबे हवेत. झाड मधोमध ठेवलं की दोन्ही बाजू ओस पडतात. ते एका बाजूला सारून दुसऱ्या टोकाला बोडीचं पाणी किंवा धानाचे पुंजणे घ्यावेत. धुरा खालच्या कोपऱ्यातून तिरपा आत शिरू द्यावा. खालच्या कडेला समांतर असलेला धुरा नजर अडवतो. लेन्स फिरणाऱ्या कॅमेऱ्यात तर समोरचा सरळ धुरा मधोमध खाली झुकून उलट्या कमानीसारखा येतो, आणि आपल्याभोवती वळणारा धुरा सरळ दिसतो. छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी जुन्या कोडॅक पॅनोरम कॅमेऱ्यानं प्राग शहर असंच टिपलं. त्या चित्रांचं पुस्तक १९५९ साली आलं.

क्षितिजाला पाणसळ लावाच. कॅमेरा एक अंशानं कलला तरी १६८ मिलिमीटरमध्ये दोन टोकांत जवळपास ३ मिलिमीटरचा फरक पडतो.

आता रंगांचं. रोवणीनंतरचं धान डोळ्याला हिरवंगार दिसतं, कृष्णधवल फिल्मवर मात्र मध्यम करडं उतरतं आणि निळं आभाळ फिकट पडतं. पिवळट-हिरव्या फिल्टरनं आभाळ थोडं गडद होतं, धान उजळतं. लाल फिल्टर आभाळ काळवंडतो, पण हिरवं धानही काळं करतो. मी तो इथे वापरणार नाही. धान पिकून पिवळं झालं की नारिंगी उत्तम.

नारिंगी फिल्टर सुमारे दोन स्टॉप प्रकाश खातो. शिवाय ६×१७ वर ९० मिलिमीटरची लेन्स असेल तर टोकांना मध्यापेक्षा पावणेदोन स्टॉपच्या आसपास कमी उजेड मिळतो. तो सारखा करणारा सेंटर फिल्टर लावला, की ४०० आयएसओच्या फिल्मवर भर उन्हातही एफ/२२ ला शटर १/१५ सेकंदाच्या जवळ येतं. तिवई कॅमेरा स्थिर ठेवेल, वाऱ्यानं डोलणारी लोंबी नाही. वारा असेल तर सेंटर फिल्टर काढून शटरचा वेग वाढवावा, आणि डार्करूममध्ये छापताना दोन्ही टोकांवर हात धरून तिथे प्रकाश कमी द्यावा.