रेंज गेल्यावरही वाट दाखवणारा नकाशा

बेळगावातून मोटारसायकलवर गोव्याला जायचं तर किमान चार वाटा आहेत. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट. खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोड घाट. शिनोळीवरून आंबोली उतरून सावंतवाडी. आणि चंदगडहून तिलारी घाटाने थेट दोडामार्ग. चारही वाटांचा स्वभाव वेगळा. अनमोडला अवजड वाहनांची रांग लागते, चोर्ल्याला धुकं, आंबोलीला पाऊस आणि पर्यटकांची गर्दी. तिलारीची वळणं इतकी आवळ आणि उतार इतका तीव्र, की दुचाकीवर मागे माणूस आणि सामान असेल तर ब्रेक जपूनच वापरावे लागतात. फोनवरच्या नकाशाला विचारलं, तर यातली त्या क्षणी सर्वांत कमी वेळाची वाट तो ठळक करतो आणि उरलेल्या फिकट रेघांनी दाखवतो.

कामासाठी निघालेल्याला तेवढं पुरतं. पण जो माणूस घाटासाठीच घराबाहेर पडतो, त्याची गरज निराळी आहे. ही गरज ओळखून जगभरात मोटारसायकलस्वारांसाठी खास सॉफ्टवेअर तयार झाली. त्यातलं कोणतं निवडावं, याचं उत्तर जाहिरातीतल्या सोयींच्या यादीत सापडत नाही. आपण कोणत्या मुलखात फिरतो, यावर ते ठरतं.

आपला मुलूख काय करू शकतो, हे डिसेंबर 2024 मध्ये दिसलं. उत्तर भारतातून कारने गोव्याला निघालेलं एक कुटुंब फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर खानापूर तालुक्यातल्या शिरोली-हेम्मडगा भागात भीमगड अभयारण्याच्या जंगलात शिरलं. रात्र झाली, रेंज गेली, पुढे वाट उरली नाही. रात्र गाडीतच काढून, सकाळी काही किलोमीटर चालल्यावर फोन लागला. मग 112 वर कळवल्यावर पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. घाटमाथ्यावरच्या गावकऱ्यांना या बातमीचं आश्चर्य वाटलं नसेल. खानापूरच्या पश्चिमेचं जंगल कसं आहे, हे त्यांना ठाऊक असतं, नकाशाला नसतं.

सॉफ्टवेअर रस्ता कसं शोधतं

सॉफ्टवेअरच्या लेखी रस्ता म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणारे तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक किंमत दिलेली असते. बहुधा तो पार करायला लागणारा वेळ. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सर्वांत कमी किमतीची साखळी शोधायची एक पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1956 मध्ये बसवली आणि 1959 मध्ये प्रसिद्ध केली. आजची मार्ग शोधणारी सॉफ्टवेअर मूळ त्याच विचारावर उभी आहेत. हिशेबात त्यांची चूक सहसा होत नाही. मात्र जी गोष्ट किमतीत धरलेलीच नाही, ती त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसते.

निपाणी तालुक्यात पावसाळ्यात याचा प्रत्यय येतो. वेदगंगा आणि दूधगंगा फुगल्या, की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, ममदापूर-हुन्नरगी हे बंधारेवजा पूल पाण्याखाली जातात. जवळपास दर मोठ्या पावसात ही नावं वर्तमानपत्रात छापून येतात. नकाशात मात्र ते बारमाही जोडरस्तेच असतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात तर निपाणीजवळ यमगर्णीला राष्ट्रीय महामार्गावरच पाणी आलं आणि वाहतूक थांबली. पश्चिमेला गगनबावड्याचा करूळ घाट 2024 मध्ये रुंदीकरणासाठी दीर्घकाळ बंद होता. महामार्ग बंद झाला तर हजारो फोन एकदम थांबतात आणि नकाशाला तो अडथळा लवकर कळतो. ज्या बंधाऱ्यावरून तासाला चार गाड्या जातात, तिथलं पाणी त्याला कसं कळणार?

ऊस हंगामाचंही तसंच. संकेश्वर आणि निपाणी परिसरात कारखान्यांचे धुराडे पेटले, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री आडरस्त्यांवर असतात, अनेकदा मागे दिवा नसलेले. नकाशा तो रस्ता मोकळा दाखवतो आणि वेगात पोहोचण्याची वेळ सांगतो.

चार प्रकारची साधनं

पहिलं साधन सर्वांच्या फोनमध्ये असतंच: गूगल मॅप्स. दुचाकीसाठी वेगळी मार्गनिवड गूगलने डिसेंबर 2017 मध्ये जगात सर्वप्रथम भारतात आणली. वाहतुकीची ताजी माहिती, पेट्रोल पंप, पंक्चरवाला, जेवणाची जागा या बाबतीत त्याला तोड नाही. पण दुचाकीच्या मार्गात ते कधी कधी अरुंद आडवाटाही सुचवतं, आणि आपल्याकडे आडवाट म्हणजे पावसाळ्यातली चिखलाची पाणंद निघू शकते. दुसरी अडचण नियोजनाची. कम्प्युटरवर निळी रेघ माउसने ओढून हव्या घाटातून नेता येते. प्रत्यक्ष प्रवासात एक वळण चुकलं, की फोन नव्याने वेगवान रस्ता शोधू लागतो.

दुसरं साधन मॅपल्स. 1995 पासून नकाशांचं काम करणाऱ्या मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचं हे ॲप स्पीडब्रेकर, खड्डे, धोक्याची वळणं यांच्या सूचना देतं. मोटारसायकलवर त्या कारपेक्षा जास्त मोलाच्या.

तिसऱ्या प्रकारात खास दुचाकीस्वारांसाठी बनलेली कुर्विगर आणि कॅलिमोटो ही जर्मन सॉफ्टवेअर येतात. ती वेळेबरोबर वळणांनाही भाव देतात, म्हणजे सरळ महामार्ग टाळून वळणावळणाचा रस्ता निवडतात. निघाल्या ठिकाणीच परत आणणारी फेरीही आखून देतात. युरोपातल्या डांबरी रस्त्यांवर हे तंत्र छान चालतं. सह्याद्रीत मात्र नकाशातली वळणदार रेघ घाटरस्त्याची आहे की जंगलातल्या गाडीवाटेची, हे आधी उपग्रहचित्रात बघून घ्यावं लागतं. ऑफलाइन नकाशासारख्या काही सोयींसाठी पैसेही मोजावे लागतात.

चौथा प्रकार ऑसमँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स यांचा. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर ती चालतात. राज्याचा नकाशा एकदा फोनमध्ये उतरवून घेतला, की इंटरनेटची गरज उरत नाही. रेंज गेली की जीपीएसही बंद पडतं, असा अनेकांचा समज असतो. पण फोन आपली जागा उपग्रहांकडून थेट ठरवतो. रेंज लागते ती नकाशाचं चित्र आणि मार्ग मागवायला. कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात किंवा दाजीपूरच्या जंगलात नकाशा फोनमध्ये आधीच असेल, तर निळा ठिपका बिनचूक चालत राहतो.

एक फाइल, दोन अर्थ

या साधनांना जोडणारा दुवा म्हणजे जीपीएक्स फाइल. एका ॲपमध्ये आखलेला मार्ग दुसऱ्या ॲपमध्ये किंवा ग्रुपमधल्या सोबत्यांच्या फोनवर न्यायचा तो तिच्यातूनच. तिच्यात मार्ग दोन तऱ्हांनी साठवता येतो. ‘रूट’ म्हणून साठवला, तर त्यात मोजकी ठिकाणं असतात आणि मधला रस्ता घेणारं ॲप आपल्या बुद्धीने ठरवतं. ‘ट्रॅक’ म्हणून साठवला, तर जवळजवळचे शेकडो बिंदू असतात आणि रेघ जशी काढली तशीच राहते. दहा जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी एकच फाइल घेऊनही निम्मे चोर्ल्याला आणि निम्मे अनमोडला वळतात, ते यामुळे. घाटासाठी आखलेली राइड पाठवताना ट्रॅकच पाठवावा.

बेळगावहून रविवारच्या फेरीचं उदाहरण घेऊ. आंबोली उतरून सावंतवाडी, तिथून दोडामार्ग, तिलारी घाट चढून चंदगड आणि संध्याकाळी घरी. वेगवान मार्ग शोधणाऱ्या ॲपला ही फेरी अर्थहीन वाटते. मधले थांबे भरल्याशिवाय ते ती दाखवणारच नाही. थांबे भरतानाही गावाच्या नावावर विसंबू नये. हलकर्णी नावाचं गाव चंदगड तालुक्यात आहे आणि गडहिंग्लज तालुक्यातही. नाव टाइप करण्यापेक्षा नकाशावर बोट दाबून खूण रोवलेली बरी. फेरी कुर्विगरमध्ये आखावी, ट्रॅक ऑसमँडमध्ये घ्यावा आणि निघण्याच्या सकाळी गूगलवर वाहतूक बघावी. मग आंबोलीतल्या किंवा दोडामार्गातल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करून घाट सुरू आहे का, विचारावं. निपाणीहून मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट उतरून देवगडला जाणाऱ्यालाही हाच क्रम उपयोगी पडेल.

फोन कुठे बसवायचा, हाही निवडीचा भाग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 2020 च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण केवळ मार्गदर्शनासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरता येतं. 2021 मध्ये ॲपलने इशारा दिला, की जास्त ताकदीच्या मोटारसायकल इंजिनची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकतात. त्यामुळे हँडलवर फोन लावायचा तर कंपनं शोषणारा माउंट हवा. रॉयल एनफिल्डने 2020 च्या मिटिऑरबरोबर आणलेली ट्रिपर ही छोटी गोल तबकडी नुसता बाण आणि अंतर दाखवते. पावसात ओल्या हातमोज्यांनी स्क्रीन चोळत बसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर आवाजी सूचना ऐकणं त्याहून सोयीचं, कारण नजर रस्त्यावर राहते.

ओपनस्ट्रीटमॅपचा आणखी एक गुण सीमाभागातल्या स्वारांनी खरोखर हाती घ्यावा असा आहे. त्यात कुणीही खातं उघडून दुरुस्ती करू शकतो: हा रस्ता कच्चा, हा जंगलात संपतो, हा बंधारा पावसात बुडतो. जत्राटच्या किंवा भोजच्या माणसाला जे लहानपणापासून माहीत आहे, ते दहा मिनिटांत नकाशात नोंदवता येतं. ऑसमँडचे नकाशे महिन्याला नव्याने तयार होतात. मे महिन्यात केलेली नोंद जूनच्या नकाशात येते, म्हणजे वेदगंगेला पाणी चढायच्या आधी.