विश्लेषण : पेन लाखाचे, सेवा कितीची? महागड्या पेनांच्या दालनात ग्राहकाने काय मागावे?

मॉलमधले चकचकीत दालन, काचेआड मखमलीवर मांडलेली पेने, हातमोजे घातलेला विक्रेता आणि समोर कॉफीचा कप. अशा ठिकाणी पन्नास हजार किंवा लाखभर रुपये मोजणारे अनेक जण ‘जरा लिहून बघू का?’ एवढा साधा प्रश्न विचारायला संकोचतात. घरी आल्यावर निब खरखरते, अक्षर जाड उमटते किंवा लिहिता लिहिता शाई तुटते आणि मग दालनाच्या फेऱ्या सुरू होतात. निवृत्तीची भेट असो, मुलाच्या पदवीचे कौतुक असो की स्वतःची हौस, महागडे पेन घेताना कोणती सेवा मागावी, कधी मागावी आणि ती न मिळाल्यास कायदा काय सांगतो, याविषयी…

किंमत नेमकी कशाची?

महागड्या शाईच्या पेनाची निब बहुधा १४ किंवा १८ कॅरेट सोन्याची असते. निबेवर ५८५ असा आकडा असेल तर १४ कॅरेट, ७५० असेल तर १८ कॅरेट. सोने मऊ असल्याने कागदाला टेकणारे टोक मात्र कठीण मिश्रधातूचे असते. निबेत वापरलेले सोने थोडेच असते, त्यामुळे केवळ सोन्याच्या भावाने पेनाची किंमत समजत नाही. निब घासून-तासून तयार करण्याचे कौशल्य, दांडीचे साहित्य आणि शाई भरण्याची यंत्रणा यांचा खर्च त्यात असतो. शिवाय ब्रँडच्या नावाचीही किंमत मोजावी लागते.

जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहरात १९०६ मध्ये सुरुवात झालेल्या माँ ब्लां कंपनीचे उदाहरण घेता येईल. तिचे ‘माइस्टरश्टुक’ हे पेन १९२४ पासून बाजारात आहे. टोपणावरचा पांढरा तारा म्हणजे माँ ब्लां शिखरावरचा बर्फ आणि निबेवरचा ४८१० हा आकडा म्हणजे त्या शिखराची मीटरमधली उंची. भारताचे माजी फिरकी गोलंदाज दिलीप दोशी यांच्या कंपनीने नव्वदच्या दशकात हा ब्रँड भारतात आणला. 

या किमतीतच दालनाचे भाडे, विक्रेत्याचा वेळ आणि विक्रीनंतरची जबाबदारीही धरलेली असते. म्हणूनच निब दाखवणे, लिहून पाहू देणे, नंतर ती जुळवून देणे हे दुकानदाराचे उपकार नव्हेत. ग्राहकाने त्याचे पैसे दिलेले असतात.

लिहून पाहणे एवढे महत्त्वाचे का?

बॉलपेन कोणाच्याही हातात जवळपास सारखेच चालते. शाईच्या पेनाचे तसे नसते. पेन धरण्याचा कोन, हाताचा दाब, लिहिण्याचा वेग, कागद आणि शाई या सगळ्यांवर अक्षर अवलंबून असते. एकाच मॉडेलच्या, एकाच जाडीच्या दोन निबाही हातात वेगळ्या वाटू शकतात. डावखुऱ्यांना तर हा फरक लगेच जाणवतो.

जाडीच्या खुणाही सर्वत्र सारख्या नसतात. जपानी कंपनीची ‘फाइन’ निब साधारणपणे युरोपीय कंपनीच्या ‘फाइन’पेक्षा बारीक लिहिते. त्यामुळे केवळ डबीवरची खूण पाहून केलेली खरेदी फसू शकते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर आणखी काळजी घ्यावी. दालनात पेन हातात आले की बहुतेक जण इंग्रजीत सही करून पाहतात. पण रोजचे लेखन देवनागरीत असेल, तर जाड निबेने ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्र’ अशा जोडाक्षरांच्या पोकळ्या भरून जातात, अनुस्वाराचा ठिपका पसरतो. शिरोरेघ ओढताना निब आडवी जाते आणि त्या दिशेला ती अडखळते का, हे रोमन अक्षरांवरून नीट कळत नाही. म्हणून चार ओळी मराठीत लिहाव्यात, एक लांब शिरोरेघ ओढावी आणि शक्य असेल तर आपण रोज वापरतो तो कागद सोबत न्यावा. दालनातला गुळगुळीत जाड कागद कोणत्याही निबेला चांगले गुण मिळवून देतो.

नवे पेन विक्रेता शाईत बुडवू देईल का?

बऱ्याच दालनांत शाई न भरता केवळ निब दौतीत बुडवून लिहून पाहू देतात आणि नंतर ती धुऊन पुसून ठेवतात. काही ठिकाणी नव्या पेनाला शाई लावू देत नाहीत, पण वेगवेगळ्या जाडीच्या निबांची चाचणीची पेने ठेवलेली असतात. दोन्ही पद्धती रास्त आहेत. मात्र चाचणीच्या पेनावरून केवळ जाडीचा अंदाज येतो, आपल्याला मिळणारी निब प्रत्यक्षात कशी चालते हे कळत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

बुडवून लिहिताना शाई नेहमीपेक्षा जास्त सुटते, त्यामुळे पहिल्या दोन ओळींवरून निर्णय घेऊ नये. खुर्चीवर बसून, टेबलावर हात टेकवून पाच-दहा मिनिटे लिहावे. पेन शाई तोडते का, याची खरी परीक्षा मात्र शाई भरून पानभर लिहिल्यावरच होते. म्हणून घरी नेल्यावर पहिल्याच आठवड्यात पेन वापरायला काढावे. कपाटात जपून ठेवलेल्या पेनाचा दोष बदलून देण्याची मुदत उलटल्यावर सापडतो. दोन्ही पद्धती नाकारून ‘कंपनीचेच आहे, चांगलेच लिहिणार’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे दुकान गाठलेले बरे.

साध्या कपड्यांतल्या ग्राहकाकडे दुर्लक्ष का होते?

पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी असलेल्या ग्राहकाला आधी किंमत सांगायची आणि पेन नंतर काढायचे, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे. कपड्यांवरून खिशाचा अंदाज बांधला जातो आणि वेळ त्यानुसार दिला जातो.

या वागण्याचा ग्राहकावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या संशोधकांनी केला. २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना एखाद्या उंची ब्रँडचे मनापासून आकर्षण असते, त्यांना विक्रेत्याने तुसडेपणा दाखवला तर ती वस्तू घेण्याची इच्छा उलट वाढते, असे त्यात आढळले. सर्वसामान्य ब्रँडच्या बाबतीत असे घडले नाही. शिवाय हा परिणाम टिकाऊ नव्हता. काही काळाने तो ओसरत असल्याचे दिसले.

ग्राहकासाठी याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. विक्रेत्याच्या नजरेला उत्तर म्हणून, ‘मलाही परवडते’ हे दाखवण्यासाठी त्याच क्षणी कार्ड पुढे करू नये. बाहेर पडावे, चहा प्यावा आणि दुसऱ्या दिवशीही तेच पेन हवे वाटले तर घ्यावे.

चांगली सेवा कशी असते?

जपानमध्ये ‘पेन क्लिनिक’ नावाची प्रथा आहे. सेलर (स्थापना १९११), पायलट (१९१८) यांसारख्या पेन कंपन्यांचे तंत्रज्ञ ठरलेल्या दिवशी दुकानात येऊन बसतात. ग्राहक समोर बसून लिहितो, तंत्रज्ञ त्याच्या हाताची ठेवण पाहतो, भिंगातून निब तपासतो आणि तिथल्या तिथे ती जुळवून देतो. सेलरचे नोबुयोशी नागाहारा हे निब-कारागीर याच कामासाठी जगभरातल्या शौकिनांत ओळखले गेले.

या सेवेत कॉफी किंवा मखमल नसली तरी चालते. ग्राहक कसा लिहितो हे पाहणारा माणूस मात्र लागतो. आपल्याकडेही जुन्या पेनविक्रेत्यांकडे हे ज्ञान आहे. निबेखाली शाई पुरवणारी जीभ किंचित मागेपुढे करून शाईचा प्रवाह जुळवून देणारे दुकानदार अनेक शहरांत होते आणि काही आजही आहेत. दालनात गेल्यावर ‘हे पेन तुम्ही स्वतः वापरता का?’ किंवा ‘माझ्या हाताला कोणती निब बसेल?’ असे विचारावे. उत्तरात निबेबद्दल काहीच न येता केवळ ‘मर्यादित आवृत्ती’ आणि ‘गुंतवणूक’ हे शब्द आले, तर समोरच्याला पेनाची फारशी माहिती नाही असे समजावे.

पैसे देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

पहिला प्रश्न, निब बदलून मिळेल का आणि किती दिवसांत? माँ ब्लांसह काही कंपन्या ठरावीक मुदतीत निबेची जाडी बदलून देतात. मुदत आणि अट बिलावर लिहून घ्यावी.

दुसरा प्रश्न, दुरुस्ती कोठे होते? काही पेने परदेशात पाठवावी लागतात आणि त्यात महिने जातात. पाठवणीचा खर्च कोणाचा, हेही विचारावे.

तिसरा, वॉरंटीत काय येत नाही? पेन पडून निब वाकणे बहुतेकदा वॉरंटीबाहेर असते. चित्रकलेची ‘इंडियन इंक’ शाईच्या पेनात भरू नये. ती आत वाळून घट्ट बसते आणि मग कंपनी जबाबदारी नाकारू शकते.

चौथा, नाव कोरण्याबाबत. कोरीव काम झाल्यावर दालने पेन बदलून द्यायला सहसा तयार होत नाहीत. म्हणून आधी लिहून पाहावे, मग कोरायला द्यावे. नाव देवनागरीत असेल तर वेलांटी-उकारासह नमुना कागदावर पाहून मगच होकार द्यावा.

पाचवा, अधिकृत विक्रेता आहात का? ऑनलाइन मोठी सवलत दिसली तरी भारतातली वॉरंटी लागू आहे की नाही, ते आधी तपासावे. आयात केलेल्या पेनाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. पेनांवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ टक्के झाला. तो छापील किमतीत धरलेला असतो, त्यावर वेगळा आकारता येत नाही.

मोठ्या ब्रँडलाही उत्तर द्यावे लागते का?

२००९ मध्ये माँ ब्लांने महात्मा गांधींच्या नावाने मर्यादित आवृत्तीचे पेन काढले. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ पेने आणि किंमत ११ लाख रुपयांहून अधिक! केरळमधील एका ग्राहक संस्थेने राष्ट्रीय चिन्हे व नावांच्या गैरवापराविरोधातील १९५० च्या कायद्याचा आधार घेऊन उच्च न्यायालयात दाद मागितली. अखेर २०१० मध्ये कंपनीला भारतातली विक्री थांबवावी लागली.

या प्रकरणाला जुना संदर्भही आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेले स्वदेशी पेन गांधीजींनी वापरले होते आणि ते परदेशी पेनांना चांगला पर्याय असल्याचे त्यांनी १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्राने कळवले होते.

सेवा मिळाली नाही तर कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा त्याच व्याख्येत येते. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला ढाल ठरत नाही.

मात्र दोष आणि आवड यांत फरक आहे. पेन गळते, शाई वारंवार तुटते, पिस्टन अडकतो, हे दोष. ‘अक्षर मला जाड वाटते’ ही आवड आणि त्यासाठी दालनाच्या स्वतःच्या धोरणावरच अवलंबून राहावे लागते. लिहून पाहण्याचा आग्रह धरायचा तो यासाठीच.

भेट मिळालेल्या पेनाबाबतही हक्क जात नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही कायदा ग्राहक मानतो. म्हणून भेट देणाऱ्याने किमतीचा संकोच न करता बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड सोबत द्यावे.

तक्रार कशी करावी?

प्रथम दालनाला लेखी कळवावे. ईमेल उत्तम. सोबत पेनाचा क्रमांक, बिलाचे छायाचित्र आणि दोष दिसणारा छोटा व्हिडीओ जोडावा. पेन दुरुस्तीला देताना त्याच्या स्थितीची नोंद असलेली पावती घेतल्याशिवाय ते हातावेगळे करू नये. प्रतिसाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दालन मुंबईत असले तरी ग्राहक साताऱ्यात राहत असेल, तर साताऱ्यातच तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील असणेही सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.