विश्रांतीने न जाणारा थकवा

दिवसभर कष्ट करून माणूस थकतो, रात्री झोपतो आणि सकाळी ताजातवाना होऊन उठतो. हा निसर्गाचा क्रम होय. परंतु काही माणसांचे अंग रात्रभर झोपूनही सकाळी जडच असते. आज चार घागरी पाणी भरले, तर उद्या त्यांना अंथरुणावरून उठवत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. शेजाऱ्यांना सोंग वाटते. या आजाराचे पहिले दुःख हेच की, तो दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

निपाणी आणि भोवतालच्या खेड्यांत हे दुःख अधिकच अवघड होते. तेथे कितीतरी बायका विड्या वळून संसार चालवितात. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, पाठ वाकलेली, असा त्यांचा दिवस जातो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. बोटे थांबली की मजुरीही थांबली. अशा घरातील बाई 'आज होत नाही' म्हणाली, तर तिच्यावर विश्वास कोणी ठेवावा?

म्हणून प्रथम कारणाचा शोध घेतला पाहिजे. सततच्या थकव्याची पुष्कळशी कारणे ओळखता येतात आणि त्यांवर उपचारही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरांतील ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याखेरीज थायरॉइडचे विकार, मधुमेह, क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि मनाचे औदासीन्य यांमुळेही माणूस गळून जातो. 'शक्तीच्या' सलाइनवर पैसे घालविण्यापूर्वी साधी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे होय.

तपासण्यांत काही सापडले नाही आणि थकवा सहा महिन्यांनंतरही हटला नाही, तर डॉक्टरांना निराळा विचार करावा लागतो. या विकाराला १९८८ साली अमेरिकेत 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' असे नाव मिळाले. त्याची मुख्य खूण अशी की, थोड्याशा श्रमानेही प्रकृती बिघडते. तीही पुष्कळदा लगेच नव्हे, तर एकदोन दिवसांनी. झोपेने हुशारी येत नाही. कोणाला विसर पडतो, कोणाला उभे राहिले की भोवळ येते. अनेकदा हा विकार विषाणूच्या तापामागून येतो. २००६ साली कर्नाटकात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा ताप गेल्यावरही अंगदुखी आणि अशक्तपणा महिनोन्महिने रेंगाळल्याचे अनेकांनी अनुभवले. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांत तर या विकाराचीच लक्षणे दिसून आली.

अविश्वासाचा अनुभव केवळ खेड्यातल्या बाईलाच येतो असे नाही. १९५५ च्या जुलैपासून लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील अडीचशेहून अधिक कर्मचारी अशाच एका विकाराने आजारी पडले. त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. तरीही १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी तो सामूहिक उन्मादाचा प्रकार ठरविला. आज मात्र हा शरीराचा खरा विकार मानला जातो.

त्यावर रामबाण औषध अद्याप नाही. वेदना, झोप, भोवळ यांवर मात्र उपचार करता येतात, आणि रुग्णाच्या हाती एक मोठी गोष्ट असते: शक्तीचा हिशेब. सीमाभागातील मजुराला 'उचल' ठाऊक असते. आज हाती आलेली रक्कम पुढे कष्टाने फेडावी लागते. बरे वाटले म्हणून एका दिवसात धुणे, दळण आणि हजार विड्या उरकणारी बाई शरीराकडून अशीच उचल घेते, आणि ती तीन दिवस अंथरुणात पडून फेडते. म्हणून काम तुकड्यांत करावे, बसून करता येईल ते बसून करावे आणि थकण्याच्या आधीच थांबावे. कोणत्या कामानंतर त्रास वाढला, हे वहीत टिपावे. 'रोज थोडा व्यायाम वाढवा' हा जुना सल्ला या रुग्णांना अपाय करू शकतो. ब्रिटनच्या आरोग्यसंस्थेने २०२१ साली तो आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकला.

या मार्गाने अनेकांची प्रकृती सुधारते. पूर्ण बरे होणारे प्रौढ मात्र थोडे असतात, मुलांचे प्रमाण त्याहून बरे असते. सुधारणा मंद असते आणि मध्येच मागेही सरते. अशा वेळी औषधाइतकीच घरच्यांची समजूत उपयोगी पडते. सासूने पाण्याची घागर उचलली, नवऱ्याने चूल पेटविली, मुलांनी पाने भिजत घातली, तर आजारी बाईला सुपापासून घटकाभर दूर होता येते. तिच्या प्रकृतीला उतार पडण्याची सुरुवात त्या घटकेपासून होते. परंतु त्यासाठी 'होत नाही' हा तिचा शब्द घराने आधी खरा मानला पाहिजे.