विश्लेषण : अर्नाळ्याचा ‘चालता शंख’ घरच्या टाकीत का जगत नाही?

सुट्टीच्या दिवशी अर्नाळा, राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावरून विरारला परतताना एखाद्या मुलाच्या पाण्याच्या बाटलीत ‘चालता शंख’ असतोच. घरी तो काचेच्या बरणीत, नळाच्या पाण्यात जातो आणि बहुतेक वेळा काही दिवसांतच मरतो. दुसरीकडे, रंगवलेल्या शंखातले हर्मिट क्रॅब ‘काहीच देखभाल न लागणारा पाळीव प्राणी’ म्हणून विकले जातात. तेही बहुधा काही महिन्यांत दगावतात. जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब निसर्गात मात्र तीस वर्षांपर्यंत जगू शकतात. मग घरात नेमके काय चुकते?

हा खेकडा शंखात का राहतो?

साध्या खेकड्याचे सगळे अंग कवचाखाली असते. हर्मिट क्रॅबचे पोट मात्र मऊ, उघडे आणि मळसूत्रासारखे वळलेले असते. ते झाकायला त्याला मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख लागतो. एकटा राहणारा म्हणून इंग्रजीत त्याला ‘हर्मिट’, म्हणजे संन्यासी म्हटले गेले. पण जमिनीवरच्या जातींना शास्त्रज्ञांनी दिलेले नाव ‘सीनोबिटा’ आहे आणि त्याचा अर्थ मठात इतरांसोबत राहणारा असा होतो. हे नाव जास्त खरे, कारण हे खेकडे घोळक्याने राहतात. समुद्रातल्या एका गटाचे नाव ‘डायोजेनिस’ आहे. ते रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्यावरून आले.

किनाऱ्यावरचा आणि दुकानातला खेकडा एकच का?

नाही, आणि घोळ इथेच होतो. अर्नाळ्याच्या वाळूत आणि खडकांतल्या डबक्यांत ओहोटीला दिसतात ते समुद्री हर्मिट क्रॅब. ते कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. त्यांना खारे, हलते, स्वच्छ पाणी लागते. गोड्या पाण्याची बरणी म्हणजे त्यांना थेट मृत्यू. समुद्राचेच पाणी बाटलीत भरून आणले तरी फारसा फरक पडत नाही; एवढ्याशा पाण्यात त्यांच्याच विष्ठेतला अमोनिया साचतो आणि पाणी तापते. त्यांच्यासाठी फिल्टर असलेली खाऱ्या पाण्याची टाकी लागते आणि ती खेकडा आणण्याआधी काही आठवडे चालवून स्थिर करावी लागते. विरारच्या वन-बीएचके घरात हे अशक्य नाही, पण बरणीचे काम नव्हे.

पाळण्यासाठी विकले जातात ते बहुतेक जमिनीवरचे सीनोबिटा. भारतात ते लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर भरपूर आढळतात. हे पाण्यात बुडवून ठेवले तर गुदमरतात. याच कुळातला नारळ खेकडा मोठा झाल्यावर शंख सोडून देतो. भारतात तो अंदमान-निकोबारमध्ये सापडतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे.

दोघांतला फरक ओळखायचा कसा? जमिनीवरच्या खेकड्याचा डावा आकडा उजव्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि डोळ्यांचे दांडे चपटे दिसतात. पण खात्रीची खूण एकच: तो कुठून आणला. ओहोटीच्या पाण्यातून उचललेला असेल तर तो समुद्री धरावा.

जमिनीवरच्या खेकड्याला सर्वाधिक गरज कशाची?

दमट हवेची. जमिनीवर आले तरी या खेकड्यांनी कल्ले सोडलेले नाहीत. ते हवेतल्या प्राणवायूसाठी थोडे बदलले, इतकेच. हे कल्ले ओले असतील तोवरच श्वास चालतो. त्यासाठी टाकीतील हवेची आर्द्रता साधारण ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस लागते. तारेच्या पिंजऱ्यात किंवा वर जाळी असलेल्या डब्यात ठेवलेला खेकडा आठवडेच्या आठवडे हळूहळू गुदमरत असतो. तो हलत नाही म्हणून मालकाला वाटते की स्वभावाने शांत आहे!

जून ते सप्टेंबर विरारची हवाच हे काम करते. त्रास होतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या वाऱ्यांच्या आणि गार पहाटेच्या दिवसांत, आणि मे महिन्यात रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत. एसी तापमान उतरवतो, तसा हवेतला ओलावाही ओढून घेतो. म्हणून काचेची टाकी आणि वर घट्ट बसणारे काचेचे किंवा अॅक्रेलिकचे झाकण हवे. आत एक आर्द्रतामापक ठेवावा. पश्चिमेच्या खिडकीत टाकी ठेवू नये. दुपारनंतरच्या उन्हात बंद काच थोड्याच वेळात भट्टी होते.

वाळूत गाडून घेतलेला खेकडा मेला का?

बहुतेक वेळा नाही, आणि घरातले सर्वाधिक टाळता येण्यासारखे मृत्यू याच गैरसमजातून होतात. वाढण्यासाठी खेकड्याला जुने कवच टाकावे लागते. त्यासाठी तो ओल्या वाळूत खोल जातो आणि चार ते आठ आठवडे, मोठा असेल तर त्याहूनही जास्त, वर येत नाही. या काळात त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. टाकलेले कवच तो स्वतःच खातो, कारण नवे कवच कडक करायला त्यातले कॅल्शियम लागते. ‘बघू तरी’ म्हणून उकरले की तो बहुधा मरतोच.

म्हणून टाकीत शोभेच्या खड्यांचा पातळ थर चालत नाही. पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट, किमान १५ सेंटिमीटर खोल, ओलावा इतका की मुठीत दाबले तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. शंखाबाहेर कोरडे, पोकळ अंग दिसले तर ते टाकलेले कवच असू शकते. सडलेल्या मासळीचा वास सुटला तरच तो मेला समजावे.

पाणी, तांबे आणि डासांची फवारणी

टाकीत दोन उथळ वाट्या हव्यात, एक गोड्या पाण्याची, दुसरी खाऱ्या. नळाच्या पाण्यातील क्लोरिन कल्ल्यांना इजा करते. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिनचे थेंब त्यासाठी पुरतात. खाऱ्या पाण्यासाठी सागरी मत्स्यालयाचे मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घ्यावे. स्वयंपाकाचे आयोडिनयुक्त मीठ नको. अर्नाळ्याहून पाणी भरून आणणेही नको. तिथे वैतरणेचे मुख आहे, पावसाळ्यात खारटपणा घटतो आणि पाण्यात गाळ असतो.

आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातले पाणी गुणकारी मानतात. खेकड्यासाठी ते विष ठरू शकते. कवचधारी जलचरांना तांब्याची जादा मात्रा सोसत नाही आणि माशांच्या काही औषधांतही तांबे असते. डासांवरचे स्प्रे आणि रिफिल यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड कीटकनाशके तर कीटकांइतकीच खेकड्यांनाही मारतात. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी टाकी दुसऱ्या घरी ठेवावी.

खाण्याचा प्रश्न सोपा. वसईचे केळे, खोबरे, भाजी, मीठ न लावलेला सुका जवळा, अंड्याचे कुटलेले टरफल, समुद्रफेस. तेल-मीठ-मसाला नको.

नवा शंख कधी लागतो?

प्रत्येक वाढीनंतर. विरारच्या वाचकाला हा बाजार ओळखीचा वाटेल. रिकामा झालेला मोठा शंख दिसला की खेकडे आकारानुसार रांग लावतात. सर्वांत मोठा त्यात शिरला की त्याचे जुने घर दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. जीवशास्त्रज्ञ याला ‘व्हेकन्सी चेन’ म्हणतात. ही संज्ञा माणसांच्या नोकऱ्या आणि घरांच्या अभ्यासातून आली. शिवाय जमिनीवरचे खेकडे शंख आतून पोखरून हलका करतात, त्यामुळे त्यांना वापरलेला, रिसेलचा शंखच जास्त पसंत पडतो.

टाकीत दर खेकड्यामागे तीन-चार रिकामे, गोल तोंडाचे, थोडे मोठे शंख असावेत. रंगवलेले नकोत; रंगाचे पोपडे खेकडे खातात. मात्र ते विकत घेताना जपावे, कारण टर्बो आणि ट्रोकस गटातील काही जातींना भारतात २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून पिशवीभर शंख वेचून आणणेही बरे नव्हे. तिथल्या खेकड्यांसाठी ती घरे आहेत. २०२४ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी समाजमाध्यमांवरील छायाचित्रे तपासली, तेव्हा शंखाऐवजी मुख्यतः प्लास्टिकची बुचे पाठीवर घेतलेले ३८६ हर्मिट क्रॅब त्यांना सापडले.

मग पाळावा का?

नवा विकत घेऊ नये, हे उत्तर सरळ आहे. यांच्या अळ्या समुद्रात वाढतात आणि माणसाच्या ताब्यात त्यांची पैदास अगदी क्वचित जमते. त्यामुळे दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो. घरात आधीच असेल तर त्याला एकटे ठेवू नये, ओळखीत कुणाकडे असेल तर एकत्र ठेवावे. असा खेकडा अर्नाळ्याला नेऊन सोडणे ही दया नाही. तो इथला नाही आणि सोबत रोगही नेऊ शकतो.

किनाऱ्यावरून आणलेला मात्र त्याच दिवशी, जिथून उचलला त्याच जागी, ओहोटीच्या डबक्यात परत ठेवावा. शंखातून ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तो शंख सोडण्यापेक्षा अंग तुटू देणे पसंत करतो.