काइटसर्फिंग : उडवण्याआधी सोडायला शिका!

येवल्यात संक्रांतीला पतंग हातून सुटला तर नुकसान फक्त पतंगाचे. काइटसर्फिंगमध्ये मात्र साधारण ७ ते १२ चौरस मीटरचा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो. वाऱ्याचा झोत आला की तो माणसाला उचलून आपटू शकतो. नाशिकहून गोव्यात मोरजीला हा खेळ शिकायला जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवा.

वारा कोणता हवा?
समुद्रावरून तिरका किनाऱ्याकडे येणारा. सकाळी बऱ्याचदा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो खोल पाण्यात ओढून नेतो. त्या वेळी उतरू नका.

पतंग आवरेना तर?
१. हातातला दांडा सोडा. बराचसा जोर लगेच कमी होतो.
२. तरीही ओढ असेल तर पट्ट्यासमोरची लाल सुटका-कळ वापरा.
३. तरीही फरफट थांबली नाही तर शेवटची सुरक्षा-दोरीही सोडा.
हा क्रम किनाऱ्यावर प्रशिक्षकासमोर हाताला सवय होईपर्यंत करा. ताणलेली दोरी मात्र हाताने धरू नका, बोटे कापतात.

किनाऱ्यापासून दूर अडकलात तर?
पतंग आटोक्यात असेल तर तो सोडून पोहत निघू नका. हवा भरलेला पतंग तरंगतो, त्याला धरून राहा आणि हात हलवून खुणावा.

किनाऱ्यावरच्यांनी काय करावे?
माणूस शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवा. जीवरक्षकांना सांगा, ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन करा.