तुम्ही काय विकता ते सोडा, तुम्हाला काय येतं ते सांगा!

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "सर, बाजार इतक्या पटापट बदलतोय, मग आज सुरू केलेला धंदा पाच वर्षांनी टिकेल कशावरून?" प्रश्न अगदी बरोबर आहे. कारण यात तुमची बचत, घरच्यांचा विश्वास आणि कदाचित बँकेचं कर्जही अडकलेलं असतं. म्हणून आज दोन मोठ्या कंपन्यांची गोष्ट बघू आणि त्यातून आपल्या छोट्या दुकानाला काय घेता येईल ते शोधू.

कोडॅक आणि फुजीफिल्म. दोघांचाही मुख्य धंदा कॅमेऱ्याचा रोल. बरेच जण सांगतात की कोडॅक झोपून राहिली. तसं नाहीये बरं का! 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने. पुढे कंपनीने डिजिटल कॅमेरे विकलेही. म्हणजे बदल दिसला होता. अडचण वेगळीच होती. रोल, तो धुवायची रसायनं, फोटोचा कागद या सगळ्यात गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा पैसे देत होतं. डिजिटलमध्ये ती कमाईच नव्हती. चालू गल्ला सोडवत नाही हो कुणालाच! शेवटी जानेवारी 2012 मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

संकट फुजीवरही तेच आलं. 2000 च्या सुमारास रंगीत फिल्मची मागणी शिखरावर होती, आणि पुढच्या दहा वर्षांत ती एक दशांशाच्याही खाली गेली. त्याच 2000 साली शिगेताका कोमोरी कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या लोकांकडून यादी करून घेतली. मालाची नाही, आपल्याला काय काय येतं त्याची!

आता गंमत बघा. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन बनतं कोलॅजेनपासून. आपल्या त्वचेतही कोलॅजेनच असतं. फोटो फिका पडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखायचं ज्ञान फुजीकडे होतं, आणि तेच ज्ञान त्वचेसाठीही कामाचं. त्यातून 2007 मध्ये ‘अॅस्टालिफ्ट’ ही सौंदर्यप्रसाधनं आली. फिल्मचा पातळ, पारदर्शक पाया बनवायची हातोटी एलसीडी स्क्रीनला लागणाऱ्या फिल्ममध्ये वापरली. 2008 मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी विकत घेतली. हे सगळं फुकटात झालं नाही. फिल्मचे कारखाने आवरले, हजारो नोकऱ्या गेल्या. बदलाची किंमत मोजावीच लागते, फक्त गल्ल्यात पैसे असताना मोजली तर झेपते.

डेव्हिड टीस नावाच्या अभ्यासकांनी या क्षमतेचे तीन भाग सांगितले आहेत. बीबीएच्या पुस्तकी भाषेत न जाता सांगतो: बदल वेळेत ओळखा, संधीवर पैसा आणि वेळ लावा, आणि मग दुकानाची घडी नव्याने बसवा. कोडॅकला पहिली पायरी जमली होती. खरी परीक्षा पुढच्या दोन पायऱ्यांची असते.

आता आपल्याकडे येऊ. समजा एखाद्या ताईंचं शिवणकामाचं दुकान आहे. रेडिमेड कपडे आले आणि शिलाई कमी झाली. "मी ड्रेस शिवते" असं म्हटलं तर धंदा संपला. पण "मला माप आणि फिटिंग कळतं" असं म्हटलं तर? रेडिमेड कपडा प्रत्येकाच्या अंगाला थोडाच बसतो! अल्टरेशन, पिको-फॉल, तयार निऱ्यांची साडी, सगळं त्याच हातात आहे.

माझं स्वतःचं दुकान स्टेशनरीचं. वही-पेन ऑनलाइन स्वस्त मिळतात, त्या भावाशी मी भांडत नाही. पण आमच्या भागातल्या कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला शंभरपानी किती, दोनशेपानी किती, कव्हर कुठल्या रंगाचं, हे मला पाठ आहे. म्हणून जूनमध्ये इयत्तेनुसार पूर्ण संच बांधून, कव्हर घालून देतो. पालकांचा वेळ वाचतो, आणि ते त्या कामाचे पैसे देतात.

आज एक काम करा. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे लिहा "मी काय विकतो", उजवीकडे "मला काय येतं". मग डावा रकाना हाताने झाका आणि विचारा: हा माल उद्या बंद झाला, तर उजवीकडच्या गोष्टी आणखी कुणाच्या कामी येतील? त्यातली एकच निवडा. सगळी बचत ओतू नका. थोड्या पैशात, ओळखीच्या दहा गिऱ्हाइकांवर महिनाभर करून बघा. चाललं तर वाढवा, नाही चाललं तर पुढची निवडा. चालू धंदा मात्र तोवर सोडू नका, कारण या प्रयोगाचा खर्च तोच देणार आहे.

तुमचा उजवा रकाना कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही घेऊन बोलू. भेटूया!