खोगिराखालची पाठ

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. चिखली तालुक्यातील आमच्या गावी, त्यांच्या लहानपणी, घरी एक तट्टू होते. आजोबा त्यावर बसून आठवडी बाजाराला जात आणि परतताना वेशीपासून घरापर्यंत मुलाला पुढ्यात घेत. तट्टाच्या पाठीवर गोधडीची घडी आणि तिच्यावर दोरीचा आवळा, एवढेच त्याचे खोगीर. "चामड्याच्या खऱ्या खोगिरावर बसायचे मात्र राहून गेले," हे वडिलांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गेल्या हिवाळ्यात मलकापूरहून रेल्वेने कल्याण, तेथून नेरळ असे करत मी त्यांना माथेरानला घेऊन गेलो.

वाचकहो, माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दस्तुरी नाक्यापाशी मोटार सोडावी लागते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांचा तेथील मुक्काम म्हणूनच पुष्कळदा घोड्याच्या पाठीवरून सुरू होतो. वडिलांना घोड्यावर बसविण्यापूर्वी मी माझ्यातल्या डॉक्टरला विचारले. त्यांना भोवळ येत नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही, खुब्याचे अथवा मणक्याचे हाड कधी मोडलेले नाही आणि रक्तदाब आटोक्यात आहे. तरीही अटी घातल्या: डोक्यावर हेल्मेट हवे, चढणे-उतरणे दगडी कट्ट्यावरूनच व्हावे, लगाम घोडेवाल्याच्या हातात राहावा आणि घोड्याने केवळ चालावे, दुडक्या चालीने धावू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेवाला नवेकोरे खोगीर घेऊन आला. चामड्याला अजून दुकानाचा वास होता. वडिलांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "याच्यावर बसून लांबच्या पॉइंटापर्यंत जाऊ." घोडेवाल्याने मान हलवली. "नाही बाबा. खोगीर नवीन आहे. आज शार्लोट तळ्यापर्यंतच. त्याचं आणि घोड्याचं कसं जमतंय ते पाहू, मग उद्याचं उद्या."

तांबड्या मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या वाटेने आम्ही तळ्यावर पोचलो. वडील उतरले. घोडेवाल्याने तंग सोडला, खोगीर उचलले, त्याखालची घोंगडी काढली आणि स्वतः पाणी पिण्याआधी तो घोड्याच्या पाठीकडे निरखून पाहू लागला. पाठ घामाने भिजली होती. मात्र मानेमागच्या उंचवट्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी जागा कोरडी ठणठणीत होती. त्याने तेथे हलकेच बोटे दाबली. घोड्याने अंग चोरले.

"सगळीकडे घाम आणि इथंच कोरडं, म्हणजे खोगीर इथंच टेकलंय. अजून जखम नाही. पण आज लांब गेलो असतो तर उद्या सूज आली असती, आणि परवा कातडी गेली असती." शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्या तपकिरी घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचा एक ठिपका होता. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तो बघा, जुन्या खोगिराचा डाग. आधीच्या मालकाकडचा. जखम भरली, पण केस पांढरेच उगवले." परतताना त्याने नवे खोगीर स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि घोडा मोकळ्या पाठीने चालवला. वडील तपकिरी घोड्यावर, जुन्या मळक्या खोगिरावर बसून परतले.

वाटेत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुझ्या आईची पाठ आपण अशी रोज पाहायला हवी होती."

डॉक्टरच्या घरातली जखम

हे वाक्य मला का लागले, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आई घरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आणल्यावर मी तिचा रक्तदाब दिवसातून दोनदा पाहत असे, साखर तपासत असे, गोळ्यांची वेळ चुकू देत नसे. तिच्यासाठी नवी, महागडी गादी आणली होती. त्या गादीच्या भरवशावर आम्ही सर्व निर्धास्त होतो. सोळाव्या दिवशी चादर बदलताना वडिलांना तिच्या माकडहाडाच्या वर काळपट डाग दिसला. दोन दिवसांत तेथील कातडी गेली. ती जखम भरून यायला अडीच महिने लागले. आईने तक्रार कधीच केली नाही. "मुलाला दिवसभर पेशंट असतात," एवढेच म्हणाली.

गादी वाईट नव्हती. आम्ही गादी पाहिली, गादीवरची पाठ पाहिली नाही. घोडेवाल्याने खोगिराच्या किमतीवर विश्वास ठेवला नाही. त्याने ते उचलून खाली पाहिले. जे सामान्य घोडेवाल्याला कळते, ते मला पदवी असून सुचले नाही, ही खंत मी आपल्यापुढे मोकळेपणाने मांडतो. कारण ही चूक अनेक प्रेमळ घरांत घडते.

जखम होते कशी?

घोड्याची खोगिराने झालेली जखम आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे शय्याव्रण, म्हणजेच बेडसोअर, या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. एका बाजूला कठीण हाड, दुसऱ्या बाजूला कठीण पृष्ठभाग आणि त्यांच्यामध्ये चिमटलेली कातडी व स्नायू. या भागातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की रक्त पोचत नाही. तरुण, जागरूक माणूस नकळत कूस बदलतो, खुर्चीत सरकून बसतो. ज्याला हलता येत नाही, ज्याला पक्षाघात वा मधुमेहामुळे संवेदना कमी झाली आहे, किंवा विस्मरणामुळे दुखते ते सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत दाब तसाच राहतो. उतारवयात कातडी पातळ होते, हाडांवरची चरबी व मांस झडते. त्यामुळे नुकसान काही तासांतही होऊ शकते. पुष्कळदा ते आत, हाडालगत सुरू होते आणि वरून दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

चांगल्या खोगिराला दोन बाजूंना दोन भरीव गाद्या असतात आणि मध्ये पन्हळीसारखी मोकळी जागा सोडलेली असते, जेणेकरून स्वाराचे वजन घोड्याच्या कण्यावर न पडता दोन्ही अंगांना वाटले जावे. वजन टाळता येत नाही. ते वाटून देता येते आणि वेळोवेळी उतरविता येते. रुग्णसेवेचेही सूत्र हेच आहे.

रोज कुठे आणि कसे पाहावे?

आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना, चांगल्या उजेडात, पुढील जागा रोज पाहाव्यात: माकडहाड व त्याच्या वरचा भाग, दोन्ही खुबे, बसण्याची हाडे, टाचा, घोटे, कोपर, खवाटे, डोक्याची मागची बाजू आणि कानाच्या कडा. टाच ही सर्वांत अधिक विसरली जाणारी जागा आहे.

लालसर डाग दिसला तर बोटाने हलके दाबून सोडावे. दाबल्यावर जागा फिकी पडून पुन्हा लाली आली, तर रक्तपुरवठा अद्याप शाबूत आहे. मात्र तेथील दाब तत्काळ काढावा. दाबूनही लाली तशीच राहिली, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी समजावी. आपल्याकडील सावळ्या वर्णावर लाली सहज दिसत नाही, म्हणून डोळ्यांइतकेच हातावर अवलंबून राहावे. ती जागा भोवतालच्या कातडीहून गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते का, काळपट-जांभळट दिसते का, हात लावताच रुग्ण अंग चोरतो का, हे पाहावे.

त्या दिवशी वडिलांनाही माकडहाडापाशी आग होत होती. खोलीवर येऊन मी पाहिले. लाली होती, दाबल्यावर फिकी पडत होती आणि अर्ध्या तासात नाहीशी झाली. अशी लाली काळजीची नसते. ती रेंगाळली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

घरात काय करावे?

अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. पूर्ण कुशीवर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन थोडेसे तिरके निजवावे. खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने, शक्य असल्यास, दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन किंचित उचलावे अथवा पुढे वाकावे. स्वतः जमत नसेल तर जवळच्या माणसाने दर तासाला हलवावे. टाचा अधांतरी राहतील अशा रीतीने पोटऱ्यांखाली उशी ठेवावी.

रुग्णाला वर सरकवताना ओढू नये. त्याच्या अंगाखाली चादर घालून दोघांनी उचलावे, कारण घसटण्याने आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. उशाची बाजू फार उंच ठेवली की रुग्ण घसरत राहतो. जेवणाची वेळ सोडून ती ३० अंशांपेक्षा अधिक नसावी. आपल्या खेड्यांत अजूनही वापरात असलेली बाज उन्हाळ्यात गार लागते. परंतु ती सैल झाली की माणूस झोळीत पडल्यासारखा मध्यावर घसरतो. बाज आवळून घ्यावी. गोधडीच्या जाड शिवणी व गाठी, चादरीच्या चुण्या, अंथरुणात पडलेले बटण, हे सर्व खोगिराखालचे खडेच होत.

ओल हा दुसरा शत्रू. आपल्या भागातील एप्रिल-मेच्या उकाड्यात रेक्झिनच्या किंवा प्लॅस्टिकच्या कापडावर निजलेल्या माणसाची पाठ घामाने भिजून मऊ पडते. त्यावर सुती चादर असावी. लघवीने ओले झालेले कपडे व डायपर लगेच बदलावेत आणि कातडी घासून नव्हे, टिपून कोरडी करावी.

आहारात डाळी, दूध, दही आणि चालत असल्यास अंडी असावीत. प्रथिनांवाचून कातडी टिकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काय करू नये?

लाल झालेल्या हाडाळ जागेवर मालिश करू नये. आतले दुखावलेले मांस त्याने अधिक दुखावते. भोक असलेली गोल रबरी उशी वापरू नये. तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचे रक्त अडते. जखमेवर हळद, राख, पावडर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालू नये. दुर्गंधी, पू, ताप किंवा काळी पडलेली कातडी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हवेची गादी उपयुक्त असते, परंतु ती कूस बदलण्याला पर्याय नाही. हे मी अनुभवाची किंमत मोजून शिकलो आहे.

नवी वस्तू, थोडा वेळ

"आज तळ्यापर्यंतच" हा घोडेवाल्याचा नियम मी आता माझ्या दवाखान्यात सांगतो. चाकाची नवी खुर्ची, नवे आसन, कमरेचा पट्टा, मधुमेही माणसाची नवी पादत्राणे, यांतील काहीही पहिल्याच दिवशी दिवसभर वापरू नये. प्रथम अर्धा-एक तास वापरावे, काढावे आणि खालची कातडी पाहावी. खूण उरली नसेल, तर दुसऱ्या दिवशी वेळ थोडा वाढवावा. वस्तू महाग आहे, मुलाने पुण्याहून किंवा परदेशातून पाठविली आहे, म्हणून दुखणे सोसू नये. ज्येष्ठांनो, आपण ते सांगितले नाही, तर मुलांना कळायला मार्ग नाही.

आपल्यापैकी कुणाला घोड्यावर बसण्याची हौस असेल, तर हाडे ठिसूळ झालेल्यांनी, खुबा बदललेल्यांनी, भोवळ येणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी ती आवरावी. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे. आणि उतरल्यावर घोड्याची पाठ एकदा पाहावी. ती जखमी असेल, तर त्या घोड्यावर पुन्हा बसू नये.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जुवाखाली राहिलेल्या खांद्यावरून धनी स्वतःच्या हाताने हळद-लोणी फिरवतो. कोठे गाठ आली आहे, कोठे सूज आहे, हे त्या हाताला आपसूक कळते. मुक्या जनावरासाठी हा रिवाज आपल्या पूर्वजांनी घालून दिला. आपल्या घरातही कुणी तरी असे असेल, जे आता फारसे बोलत नाही, तक्रार करत नाही. हा अंक बाजूला ठेवल्यावर त्यांच्यापाशी जा, त्यांची कूस हलकेच बदला आणि त्यांची पाठ पाहा.